मावळतीचं बटण

रंगमंचावर म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती, खिडकीतून संध्याकाळ उतरत होती, आणि एकाएकी तिच्या तोंडावर झोत पडला. मग मिट्ट काळोख झाला. मग लख्ख उजेड, नाटक संपल्यावर सगळे नमस्काराला उभे राहतात तेव्हाचा. त्यापाठोपाठ प्रेक्षागृहातले दिवेही लागले. हे सगळं पापणी लवायच्या आत. मरणाच्या दारातली म्हातारी, म्हणजे आमच्या राजाक्का खोत, खुर्चीत ताठ बसल्या आणि डोळ्यांवर आडवा हात धरून म्हणाल्या,

"अगं आई, मी मेलो का जगलो?"

आमच्या इचलकरंजीकडे बायकाही 'मी आलो', 'मी मेलो' असंच बोलतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण त्या क्षणी अख्खं नाट्यमंडळ खो खो हसलं. रंगीत तालीम होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्पर्धेचा प्रयोग. अशा वेळी माणसं कशालाही हसतात.

विंगेत मात्र आम्ही दोघं हसलो नाही. एक मी आणि दुसरे माझे वडील, भूपाल मगदूम, सगळ्या मंडळाचे आण्णा. त्यांच्यासमोर टेबलावर माझा जुना कॉम्प्युटर होता. त्याच्या पडद्यावरची प्रोग्रामची खिडकी मघाशी पांढरीफटक पडली होती, ती आता काही झालंच नाही अशा थाटात परत उभी होती. कीबोर्डच्या लांब बटणावरून आण्णांनी उजवा हात उचलला आणि पँटच्या खिशात घातला.

साळोखे मास्तर विंगेत आले. हे आमचे दिग्दर्शक, हायस्कूलात चित्रकला शिकवायचे.

"भूपाल," ते हळू आवाजात म्हणाले. हळू आवाजात म्हणाले हेच वाईट होतं, कारण मास्तर एरवी 'चहा घेतलास का' हेसुद्धा ओरडून विचारायचे. "किती वेळा दाबलास?"

"एकदा दाबलो. काय होईना म्हणून आणि दाबलो."

"आणि?"

 आण्णांच्या खिशातला हात खिशाला हलवत होता, ते मास्तरांनाही दिसलं आणि मलाही.

"हे बघ मर्दा, तुझा काय दोष न्हाई. हाताला कळत न्हाई, दाबलं जातंय. पण उद्या समोर परीक्षक बसणार हायत. कोल्हापुरातनं एक ऑपरेटर येतो म्हणालाय. तू शेजारी बस, त्याला सांग. उजेड तुझाच. बटण तेवढं त्याचं."

"बरं," आण्णा म्हणाले.

माझ्या वडिलांच्या तोंडून असलं 'बरं' मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. ते बरं म्हणणाऱ्यांतले नव्हतेच. दिवसा बँकेत कॅशियर आणि संध्याकाळी दिवेवाला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण 'तुम्ही काय करता' असं कुणी विचारलं, तर आण्णा बँकेचं नाव घेत नसत. "मी उजेड करतो," म्हणायचे. नटांना ते काडीची किंमत देत नसत. "नट काय, तोंड रंगवलं की कुणीबी होतंय. त्येचं तोंड दिसतंय कुणामुळं?" पेपरात नाटकाचं परीक्षण आलं की त्यातलं उजेडाबद्दलचं वाक्य तेवढं वाचायचे, आणि उजेडाचं कौतुक असलं तर चिडायचे. "उजेड दिसला त्याला? मग चुकलंच काहीतरी. माणूस दिसायला पायजे, उजेड न्हवं." कौतुक नसलं तर त्याहून जास्त चिडायचे.

एकच गोष्ट त्यांना नाटकात कधी करता आली नाही. पडदा पडायच्या आधी सगळे मंचावर ओळीनं उभे राहून नमस्कार करतात, त्या ओळीत प्रॉम्प्टरपासून कपडेपटवाल्यापर्यंत सगळे असत, आण्णा नसत. कारण त्या ओळीवरचा उजेड त्यांच्या हातात. दिवेवाला विंगेतून बाहेर आला तर दिवे कोण धरणार? आई म्हणायची, "तुमच्या आण्णांना मी टाळ्या घेताना कधी बघितलंच न्हाई." त्यावर आण्णा म्हणायचे, "घेतो की. काळोखात घेतो."

मग हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी त्याला कंपवात असं नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि हे आता असंच चालायचं असंही सांगितलं. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा तो डिमर, त्याच्या दांड्या बोटांनी हळूहळू खाली-वर करायच्या असतात. हात थरथरला की दांडी थरथरते, दांडी थरथरली की नटाच्या तोंडावरचा उजेड थरथरतो. आदल्या वर्षीच्या प्रयोगात पहिल्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "दिव्याला थंडी वाजतीय वाटतं." आण्णांनी प्रयोग पुरा केला, घरी आले आणि न जेवता झोपले.

मी तेव्हा कोल्हापुरात एका लहानशा कंपनीत वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहायची. मी काही साधीसुधी पोरगी नव्हते, भूपाल मगदूमची पोरगी होते. म्हटलं, दांडीच नको. सगळ्या दिव्यांची जुळणी कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवायची, कॉम्प्युटर एका डब्यातून डिमरला जोडायचा, आणि आण्णांनी फक्त एक लांब बटण दाबायचं. दाबलं की पुढचा उजेड. किती वेळात चढायचा, किती वेळात उतरायचा, ते प्रोग्राम बघेल. बोट थरथरलं तरी दिवा थरथरणार नाही. प्रोग्रामचं नाव ठेवलं 'उजेड'. पहिल्या दिवशी आण्णांनी रीतसर त्याची पूजा केली, आणि नारळ ठेवला तो थेट कीबोर्डवर. बटण दाबलेलंच राहिलं आणि पहिल्या प्रवेशापासून नमस्कारापर्यंतचं सगळं नाटक दणादण होऊन गेलं. आम्ही पोट धरून हसलो. नारळ हलवून कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला आणि विसरून गेलो. तो नारळ मला काहीतरी सांगत होता, पण त्या दिवशी मी फार खुशीत होते.

तर त्या रंगीत तालमीनंतर आम्ही घरी आलो.  जेवताना आईनं विचारलं, "काय झालं?"

"काय होतंय? हात माझाच की," आण्णा म्हणाले. "मास्तर बरोबर बोलला. उद्यापास्नं मी सांगणार, दुसरा दाबणार."

"तुम्ही किती वेळा दाबलासा, आण्णा?" मी विचारलं.

"तू पण तेच इचारतीस व्हय?"

"मला कळायला पायजे. प्रोग्राम माझा हाय."

आण्णा घासाकडे बघत म्हणाले, "राजाक्कानं मधली वाक्यं गाळली. मावळती अजून उतरायची होती आणि ही बाई शेवटाला पोचली. म्हटलं, थेट चेहऱ्यावर जाऊ या. दाबलो. काय होईना. परत दाबलो. मग... मग हात काय करत होता मला ठावं न्हाई, त्रिशे."

काय होईना. ते दोन शब्द माझ्या डोक्यात अडकले. 'चुकीचं झालं' असं ते म्हणाले नव्हते. 'काहीच होईना' म्हणाले होते.

सकाळी मी उठले ती तडक नाट्यगृहात गेले. राखणदाराकडून किल्ली घेतली, विंगेत टेबलाशी बसले आणि मावळतीचं बटण दाबलं. रिकाम्या मंचावर, रिकाम्या खुर्चीवर संध्याकाळ उतरायला लागली. माझा हात चांगला दगडासारखा स्थिर. मावळती अर्ध्यावर आल्यावर मी बटण मुद्दाम दाबलं, एकदा. काही झालं नाही. आणखी दोनदा दाबलं. पडद्यावरची खिडकी पांढरी पडली, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं. मी हात मांडीवर ठेवून बसले. मावळती पुरी झाली, आणि झोत, काळोख, लख्ख उजेड, तिन्ही एका दमात येऊन गेले. माझे तिन्ही दाब कुठंतरी रांगेत उभे होते, दार उघडल्याबरोबर घुसले.

मी त्या रिकाम्या नाट्यगृहात एकटीच मोठ्यानं हसले. दोष हाताचा नव्हता. माझ्या लाडक्या प्रोग्रामचा होता, आणि असा दोष सापडल्याचा इतका आनंद मला त्यानंतर कधीही झाला नाही.

मग मी एक आगाऊपणा केला. मास्तरांच्या घरी फोन लावला आणि म्हटलं, प्रोग्राम बिघडलाय, लगेच या, राजाक्कांनाही घेऊन या. आण्णांना बोलावलं नाही, पण बातमी लागून तेही आलेच. हात खिशात, तोंड आंबट.

"कोल्हापूरवाला दुपारच्याला येतोय," मास्तर म्हणाले. "बिघडलंय तर दांड्यांवर करू या. काय बिघडलंय?"

"ते मागनं सांगतो, सर. आधी एकदा तुम्ही बसा इथं. राजाक्का शेवटचं बोलतील, तुम्ही दिवे द्या."

"मी?"

"तुमचा हात तरी धड हाय न्हवं?"

मास्तरांनी माझ्याकडे संशयानं बघितलं, पण बसले. माणूस दिग्दर्शक असला की आपल्याला सगळं येतं असा त्याचा समज असतो. राजाक्का मंचावर खुर्चीत बसल्या. त्या नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स, रात्रपाळी करून आलेल्या. मी त्यांच्या कानात सांगितलं, कालच्यासारखीच मधली वाक्यं गाळा.

"त्यात काय, ती मला येतच न्हाईत," राजाक्का म्हणाल्या.

मावळती सुरू झाली. राजाक्कांनी उडी मारून शेवट गाठला. मास्तरांनी बटण दाबलं. काही झालं नाही. मास्तर पुढं वाकले, परत दाबलं. "अरे!" म्हणाले आणि खटाखट दाबत सुटले. मी मागं उभी राहून बघत होते. मावळती संपली, आणि झोत, काळोख, नमस्कार, प्रेक्षागृह, सगळा बाजार एकदम उठला.

मंचावरून राजाक्कांचा आवाज आला.

"मास्तर, तुमच्या हाताला पण इश्रांती पायजे काय हो?"

मास्तर चांगल्या दिलाचे, ते स्वतःच आधी हसले. मग उठून आण्णांच्या समोर गेले. त्यांच्या खांद्यावर एक थाप मारली. आण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण मघाचा आंबटपणा नव्हता.

"आता सांग," ते म्हणाले. "काय बिघडलंय?"

मी सांगितलं. खिडकी असलेला कुठलाही प्रोग्राम घ्या, त्याच्या पोटात एक मुख्य फेरा चालू असतो. तो सारखा फिरत विचारत राहतो, कुणी बटण दाबलं का, माऊस हलला का, खिडकी परत रंगवायची का. कुणी काही केलं की त्याचं काम करायचं आणि लगेच परत फेऱ्यावर यायचं. मी काय केलं होतं? मावळतीचं सगळं काम त्या फेऱ्याच्याच गळ्यात घातलं होतं. थोडा उजेड कमी कर, थोडा थांब, आणखी थोडा कमी कर, थांब, अगदी पुरी रात्र होईपर्यंत. तेवढा वेळ ऐकायला कुणी नाहीच.

"काय कळलं न्हाई," मास्तर म्हणाले.

"सर, लग्नात पंगत बसलीय. मधोमध यजमान उभा. कुणाला भात, कुणाला आमटी, ते त्यानं बघायचं आणि ऐकायचं. आता तोच उठून भटारखान्यात पुऱ्या तळत बसला, आणि घाणा पुरा झाल्याशिवाय उठेना, तर?"

"पंगत बोंबलत बसणार."

"बसली. आणि तो आल्यावर सगळे एकदम ओरडणार. काल तेच झालं."

"मग पुऱ्या कुणी तळायच्या?" हा प्रश्न राजाक्कांचा.

"यजमानच तळणार. पण एकेक. एक पुरी सोडायची, पंगतीत यायचं, ऐकायचं, मग परत जाऊन दुसरी. टायमर लावतो मी. टायमरनं टिचकी दिली की उजेड एक पायरी उतरवायचा, की लगेच फेऱ्यावर परत. मावळती तेवढीच हळू दिसणार, पण ऐकणं थांबणार न्हाई."

"आणि हात?" आण्णांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द सरळ उच्चारला. "ऐकायला लागलं म्हणजे माझा हात चारदा दाबेल ते चारदा ऐकंल की."

"एकापाठोपाठ आलेले दाब एकच धरायचे. माणूस एका दमात तीन-तीन उजेड मागत न्हाई, आण्णा. ते माझ्या आधीच ध्यानात यायला पायजे होतं. नारळानं सांगितलं होतं."

आण्णांनी कीबोर्डकडे बघितलं. मग म्हणाले,

"ऐकतंय म्हणतीस तर मधेच थांबवता येईल? मावळती?"

"थांबवायची कशाला?"

"ही बाई उद्या, म्हणजे आज, कुठं श्वास घेईल ते हिचं हिला ठावं न्हाई," आण्णांनी मंचाकडे हनुवटीनं दाखवलं. "दांड्यांवर असताना मी थांबत होतो. ती थांबली की मी थांबायचा, ती निघाली की निघायचा. तुझं यंत्र आल्यापास्नं तिला माझ्यामागं पळायला लागतंय."

मला हे सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी जुन्या प्रोग्रामला ते करता आलंच नसतं, जो ऐकतच नाही त्याला 'थांब' कसं सांगणार? पण एकदा फेरा मोकळा ठेवला की काहीही सांगता येतं.

"एंटरचं मोठं बटण देतो," मी म्हटलं. "दाबून धरलं की जिथल्या तिथं थांब. सोडलं की चालू."

मास्तर म्हणाले, "चहाच्या वेळेपर्यंत दाखव. चाललं तर भूपाल बसंल. न्हाई तर कोल्हापूरवाला हायच."

मी तिथंच विंगेत बसून लिहायला घेतलं. मंचावर कुणी नेपथ्य ठोकत होतं, कुणी वाक्यं घोकत होतं, आणि आण्णा माझ्यामागं खुर्ची टाकून बसले होते. त्यांना प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पडद्यावरची ओळ वर सरकली की त्यांची मान वर जायची. एकदा म्हणाले, "चालू दे. मी हाय." अख्ख्या दुपारभरात तेवढंच. मला ते पुरलं. मावळतीचं जुनं सगळं लांबलचक लिखाण मी उपटून टाकलं आणि टायमर बसवला. पहिल्यांदा चालवलं तर मावळती सुरूच होईना. दुसऱ्यांदा सुरू झाली ती संपेना. तिसऱ्यांदा संध्याकाळ शहाण्यासारखी उतरायला लागली. मी मध्येच बटण दाबलं आणि झोत चेहऱ्यावर, म्हणजे रिकाम्या खुर्चीवर, तिथल्या तिथं आला. खिडकी पांढरी पडली नाही. मी खुर्ची सोडून उठले.

"बसा, आण्णा."

आण्णांनी खिशातून हात काढला. मास्तर, राजाक्का, नेपथ्यवाले, सगळे विंगेच्या तोंडाशी येऊन उभे राहिले होते, आणि त्या सगळ्यांसमोर तो हात बटणावर आला. थरथरत होताच. बटण खडखड वाजलं, एकदा नाही, चांगलं दोन-तीनदा. मंचावर मात्र एकच उजेड बदलला. आण्णांनी डाव्या हातानं एंटर धरलं. संध्याकाळ थांबली. सोडलं. निघाली.

"कोल्हापूरवाल्याला चहा पाजा आणि पाठवा," मास्तर ओरडून म्हणाले. आपल्या नेहमीच्या आवाजात.

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. आण्णांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर नारळ ठेवला, मॉनिटरवर झेंडूचं फूल ठेवलं, आणि कीबोर्डच्या आसपास काही ठेवायचं नाही हे त्यांनी मलाच दोनदा बजावलं. तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला आणि त्यांनी बटण दाबलं, आणि मंचावर सकाळ झाली.

मी त्यांच्या मागं उभी होते. सगळं नाटकभर मी कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या खिडकीकडे बघत राहिले, ती पांढरी पडते का म्हणून. आण्णांनी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांची नजर मंचावर. बोट बटणावर खडखडायचं आणि दिवा अलगद चढायचा.

शेवटचा प्रवेश आला. म्हातारी खिडकीशी बसली. मावळती सुरू झाली. राजाक्का त्या दिवशी अशा काही बोलत होत्या की नेपथ्यवाल्यांनीही तंबाखू चोळायची थांबवली. मधली वाक्यं एकही गाळली नाही. अर्धी संध्याकाळ उतरली, पाऊण उतरली. शेवटचं एकच वाक्य राहिलं. म्हातारी गेलेल्या नवऱ्याला सांगते, "दिवा लावू नका, मला दिसतंय," आणि मग काळोख होतो. सगळं नाटक त्या वाक्यासाठी.

राजाक्का थांबल्या.

मला वाटलं, अभिनय आहे. मग त्यांचा हात दिसला. खुर्चीचा दांडा घट्ट आवळून धरला होता, आणि डोळे मिटले होते. समोरच्या विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज आला, दबका. त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही. रात्रपाळी करून आलेली बाई, शेवटच्या वाक्याला आली आणि वाक्य पार पुसून गेलं. उजेड उतरतच होता. आणखी थोडा उतरला असता तर चेहरा गेला असता, म्हातारी न बोलताच काळोखात बुडाली असती आणि नाटकही तिच्याबरोबर.

आण्णांनी एंटर धरलं.

संध्याकाळ जिथल्या तिथं थांबली. चेहऱ्यावर एक तांबूस पट्टा राहिला, हललासुद्धा नाही. आण्णा पुढं वाकून राजाक्कांकडे बघत होते, ओठ किंचित उघडे. डावं बोट एंटरवर घट्ट रोवलेलं, आणि उजवा हात मांडीवर, मनाला येईल तसा थरथरणारा. त्याच्याकडे लक्ष द्यायला त्यांना वेळ नव्हता. नाट्यगृहात कुणी खोकलं नाही. तो वेळ किती होता कोण जाणे, मला तर आख्खा अंक वाटला.

राजाक्कांनी डोळे उघडले. उजेड थांबलाय हे त्यांना कळलं, ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं. पुढं त्या मला म्हणाल्या, "उजेड जागचा हालंना, तसं मला वाटलं, आण्णा हाय. थांबलाय माझ्यासाठी. मग भीती गेली आणि वाक्य आपोआप आलं बघ." त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

"दिवा लावू नका," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय."

आण्णांनी एंटर सोडलं. उरलेली संध्याकाळ उतरली. बटण खडखडलं, झोत चेहऱ्यापुरता उरला. परत खडखडलं, काळोख झाला. आणि त्या काळोखात टाळ्या सुरू झाल्या. एका परीक्षकानं पुढं लिहिलं की शेवटच्या वाक्याआधीचा तो विराम म्हणजे दिग्दर्शनाची कमाल आहे. मास्तरांनी ते कात्रण आजही जपून ठेवलंय, आणि आम्हीही त्यांना कधी टोकलं नाही. राजाक्कांना, मास्तरांना, कुणाकुणाला काय काय बक्षिसं मिळाली. पण माझं त्या स्पर्धेतलं बक्षीस मला त्यानंतरच्या मिनिटभरातच मिळालं.

काळोखात नटमंडळी मंचावर येऊन ओळीनं उभी राहायला लागली. पावलं वाजत होती, टाळ्या चालूच होत्या. आता नमस्काराचा उजेड द्यायचा. आण्णा खुर्चीवरून उठले.

"त्रिशे, ह्ये तू दाब."

"आण्णा? आणि तुम्ही कुठं?"

"आता ऐकतंय न्हवं ते? मग मी कशाला पायजे इथं?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तुझी आई बसलीया समोर."

आणि ते चालायला लागले. मला त्यांची पाठ दिसली, मग विंगेच्या टोकाशी नुसती सावली, मग तीही नाही. मी खुर्चीत बसले. ती अजून त्यांच्या अंगानं गरम होती. बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं.

मंच लख्ख उजळला. ओळीच्या अगदी कडेला, बँकेच्या इस्त्रीच्या शर्टात, माझे वडील उभे होते. राजाक्कांनी त्यांना दंडाला धरून मधोमध ओढलं. प्रेक्षकांपैकी कुणाला हा गृहस्थ कोण हे कळलं नसणार, तरी टाळ्या थांबल्या नाहीत. आण्णांनी खिशातून हात बाहेर काढला, दोन्ही हात जोडले आणि छातीशी धरले. उजवा थरथरत होता, त्याच्याबरोबर डावाही थरथरायला लागला. आण्णांनी ते लपवलं नाही. भर उजेडात, सगळ्या गावासमोर, मान ताठ करून तसेच उभे राहिले. तिसऱ्या रांगेत आई उभी राहून टाळ्या वाजवत होती.

मी बटणाकडे बघितलं तर माझंच बोट थरथरत होतं. एकदा दाबलं का तीनदा, मला आजही सांगता येणार नाही. उजेड मात्र एकदाच लागला, आणि जागचा हलला नाही.